डॉ. भाऊ दाजी लाड : दगडांवरची अक्षरे वाचणारा डॉक्टर

मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने माटुंग्याचा डॉ. भाऊ दाजी रोड ऐकलेला असतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलांना घेऊन गेलेल्यांना तिथल्या देखण्या वस्तुसंग्रहालयावरचे डॉ. भाऊ दाजी लाड हे नावही आठवत असेल. पण हे गृहस्थ कोण होते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘कोणीतरी मोठे डॉक्टर’ एवढेच असते. ते चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. भाऊ दाजी डॉक्टर तर होतेच, पण रोगी तपासून उरलेल्या वेळात त्यांनी जे काम केले, त्यामुळे आपल्या देशाच्या इतिहासाची कित्येक पाने नीट वाचता आली. त्यातले एक पान तर आपल्या दिल्लीतच उभे आहे. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी मी हा विषय निवडला.

मांद्रे ते मुंबई

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ चा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. घरची परिस्थिती बेताची. चरितार्थासाठी कुटुंब मुंबईला आले आणि लहान रामकृष्ण मराठी शाळेत जाऊ लागला. मुलगा बुद्धिबळात फार तरबेज होता. त्याची ही हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडली आणि मुलाला इंग्रजी शिकवा, असा आग्रह त्याने वडिलांना केला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि तिथेच त्यांनी काही काळ शिकवलेही. काठेवाड आणि कच्छमधील बालकन्याहत्येच्या दुष्ट चालीवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, तेव्हा त्यांनी पंचविशीही नीट ओलांडली नव्हती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मास्तरकी सोडून भाऊ दाजी तिथे विद्यार्थी झाले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. कुष्ठरोग्याला त्या काळी लोक दारात उभे करीत नसत. भाऊ दाजींनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा उपयोग करून या रोगावर उपचार केले आणि त्यासाठी त्यांचे नाव दूरवर झाले.

सार्वजनिक कामांची यादी करायची तर पान पुरणार नाही. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये ते होते. मुलींच्या शाळांना त्यांनी पैसा आणि पाठबळ दिले. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात, वजनदार लोकांचा रोष ओढवेल हे ठाऊक असूनही, त्यांनी करसनदास मुळजींच्या बाजूने डॉक्टर म्हणून साक्ष दिली. १८६९ आणि १८७१ असे दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. राणीच्या बागेतल्या त्या संग्रहालयासाठी त्यांनी खटपट केली. १८७२ साली ते लोकांसाठी उघडले आणि १९७५ साली त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

एवढा व्याप असलेल्या माणसाने जुने दगड वाचायला वेळ कुठून काढला, हेच मला मोठे कोडे वाटते.

टपालाने चालणारी विद्या

त्या काळची विद्या कशी चालत असे, हे थोडे सांगायला हवे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात जुन्या वस्तूंचा आणि जुन्या लेखांचा शोध हा पुष्कळांचा छंद झाला होता. यात पगारी विद्वान थोडे होते. कोणी कलेक्टर, कोणी लष्करातला कॅप्टन, कोणी मिशनरी, कोणी इंजिनियर. फिरतीवर असताना एखादा कोरीव दगड दिसला की त्याची नक्कल उतरवायची आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे किंवा मुंबईच्या शाखेकडे पाठवायची, असा परिपाठ होता. टाकसाळीत नोकरी करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनी कलकत्त्यात बसून १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली, ती अशाच ठिकठिकाणांहून आलेल्या नकला समोर ठेवून. सांचीच्या नकला कॅप्टन स्मिथ यांनी पाठवल्या, आणि लेखातला प्रियदर्शी राजा म्हणजेच अशोक हा धागा सिलोनमधल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांतून जुळवून दिला. दोन टोकांना बसलेली माणसे, मध्ये टपालाची थैली. असे हे काम होते.

१८५४ साली देशभर एकसारखा टपालदर झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा लागे, मग ते पुण्याला जावो की पेशावरला. आगगाडी १८५३ साली मुंबई ते ठाणे धावली होती आणि पुढे पुढे सरकत होती. विद्वानांच्या पत्रव्यवहाराला यामुळे केवढी गती आली असेल! मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या शाखेची सभा भरे. तिथे निबंध वाचला जाई, त्यावर चर्चा होई, मग तो छापला जाई. ते जर्नल लंडन, पॅरिस आणि जर्मनीतल्या विद्यापीठांपर्यंत पोचे. तिकडचा एखादा पंडित त्यात चूक काढी आणि उत्तर परतीच्या बोटीने येई.

मात्र या दिवाणखान्यात आपल्या लोकांना सहज प्रवेश नव्हता. १८०४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पहिले हिंदी सभासद, माणेकजी कर्सेटजी, १८४० साली घेतले गेले. म्हणजे ३६ वर्षे या देशाच्या इतिहासाची चर्चा या देशातल्या माणसावाचून चालली होती. पंडित-शास्त्री मदतीला घेतले जात, पण निबंध वाचणारा साहेबच. या पार्श्वभूमीवर भाऊ दाजी त्या सभेत उभे राहून स्वतःचा निबंध वाचत होते आणि पुढे त्या संस्थेचे उपाध्यक्षही झाले, याचे महत्त्व ध्यानात येते.

पोथ्यांचा पुरावा

भाऊ दाजींच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आपल्या ज्योतिषगणितकारांविषयीचा आहे. भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ फारसे जुने नाहीत, बरेचसे मागाहून रचलेले आहेत, असा संशय काही युरोपीय लेखकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पसरवला होता. कोलब्रुकसारख्या थोर पंडितालाही आर्यभटाचा मूळ ग्रंथ पाहायला मिळाला नव्हता. त्याच्याविषयी जे माहीत होते, ते इतरांच्या ग्रंथांतल्या उल्लेखांवरून.

भाऊ दाजींनी रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी पोथ्या शोधल्या. मलबारकडून त्यांनी आर्यभटाच्या ग्रंथाच्या पोथ्या मिळवल्या, त्या ताडून पाहिल्या आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये आपला निबंध छापला. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले आणि दोघांच्या नावाने घोटाळा झाला आहे, हे त्यांनी दाखवले. कलियुगाची ३६०० वर्षे गेली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे पहिल्या आर्यभटाने आपल्या ग्रंथात सांगितले आहे. त्यावरून हिशेब करता त्याचा जन्म इसवी सन ४७६ चा ठरतो. शाळेच्या पुस्तकात आज आपली नातवंडे जे साल पाठ करतात, ते हेच. याच निबंधात वराहमिहिराचा मृत्यू इसवी सन ५८७ मध्ये झाल्याचे एका जुन्या टीकाकाराच्या आधाराने त्यांनी मांडले. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे काळही त्यात तपासले होते. १८७४ साली हॉलंडमधल्या लायडन येथे हेंड्रिक केर्न यांनी आर्यभटीय छापून काढले. त्याच्या नऊ वर्षे आधी एका मराठी डॉक्टराने वाट मोकळी केली होती.

भास्कराचार्यांच्या बाबतीत तर त्यांना घरचाच पुरावा सापडला. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख होता. देवगिरीच्या यादवांच्या काळातला, तेराव्या शतकाच्या आरंभीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने तिथे मठ स्थापन केला, अशी माहिती त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारातल्या मालावरचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा याचा तपशील त्यात दिलेला आहे. आजोबांची पुस्तके शिकवण्यासाठी नातवाने काढलेली पाठशाळा आणि तिच्या खर्चाला बाजारपेठेचा हातभार! हा लेख जगापुढे आणला तो भाऊ दाजींनी.

लेखनिक गणपती आणि भगवानलाल

आता एका दुसऱ्या माणसाची ओळख करून द्यायलाच हवी, कारण त्याच्यावाचून भाऊ दाजींची गोष्ट पुरी होत नाही. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी. जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड खडक आहे. त्यावर अशोकाचे, क्षत्रप रुद्रदामनाचे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचे असे तीन काळांचे लेख आहेत. रोज नजरेस पडणारी ही अक्षरे काय म्हणतात, या ध्यासाने पोरवयातल्या भगवानलालने प्रिन्सेपच्या छापील अक्षरतक्त्यावरून ती लिपी आपली आपण शिकून घेतली. काठेवाडात अधिकारी असलेले, ‘रासमाला’कार अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांना या मुलाचे कौतुक वाटले आणि त्यांनी भाऊ दाजींकडे त्याची शिफारस केली. १८६१ च्या अखेरीस, बावीस वर्षांचे असताना, भगवानलाल मुंबईत आले.

पुढची बारा वर्षे हा माणूस भाऊ दाजींसाठी भारतभर हिंडला. अजिंठा, मथुरा, काशी, सारनाथ, अलाहाबाद, दिल्ली आणि शेवटी थेट नेपाळ. खडकावर चढून, लेण्यातल्या अंधारात बसून, अक्षर न् अक्षर निरखून नक्कल उतरवायची आणि मुंबईला आणायची. १८६९ साली मथुरेला शीतलादेवीच्या ठाण्याच्या पायऱ्यांत बसवलेला सिंहशीर्षाचा दगड त्यांनीच ओळखला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

महाभारत लिहून घेताना व्यासांनी गणपतीला अट घातली होती, की अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. भगवानलालांच्या नकला आणि इतरांच्या नकला यांत फरक होता तो हाच. लिपी न जाणणारा कॅप्टन दगडावरचे चित्र काढत असे आणि भेगेलाही काना समजत असे. भगवानलाल वाचून लिहीत.

त्यांना इंग्रजी मात्र फारसे येत नव्हते. ते गुजरातीत लिहीत. भाऊ दाजींना संस्कृत, इंग्रजी, ग्रंथ, पैसा आणि टाऊन हॉलमधली खुर्ची हे सारे होते, पण दवाखाना सोडून महिनोन् महिने रानात फिरणे शक्य नव्हते. एकाचे पाय आणि डोळे, दुसऱ्याची लेखणी आणि पैसा, असा तो जोड होता. निबंधाच्या माथ्यावर नाव बहुधा एकाचेच छापले जाई. त्या काळची रीतच तशी होती असे म्हणता येईल. पण आज भाऊ दाजींचा गौरव करताना भगवानलालांचे नाव त्याच दमात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

मेहरौलीचा लोहस्तंभ

सरकारी नोकरीनिमित्त मी दिल्लीत आलो आणि इथलाच झालो. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना कुतुबमिनार दाखवायला नेणे हे आपणा सगळ्यांचेच काम. स्तंभाला पाठमोरे उभे राहून मिठी मारायची आणि हात जुळले तर नशीब उघडले म्हणायचे, हा खेळ आपल्यापैकी जुन्या मंडळींनी खेळलेला असेल. १९९७ साली भोवती कठडा आला आणि तो बंद झाला. स्तंभ गंजत कसा नाही, याची चर्चा प्रत्येक पाहुणा करतो. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड असा हा लोखंडाचा खांब सोळाशे वर्षे ऊनपाऊस खातो आहे, म्हटल्यावर नवल वाटणारच. पण त्याच्यावर सहा ओळींचा एक संस्कृत लेख आहे, तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

या लेखाची पहिली नक्कल १८३४ साली छापली गेली, पण तिच्यावरून काहीच अर्थ लागेना. मग कॅप्टन बर्ट यांनी नवी नक्कल काढली आणि तिच्यावरून प्रिन्सेप यांनी १८३८ साली भाषांतर दिले. त्यात राजाचे नाव ‘धव’ असे वाचले गेले. इतिहासात असा राजा कोणालाच माहीत नव्हता. तरीही तेहतीस वर्षे तो पुस्तकांतून नांदला. शेवटी भगवानलालांनी काळजीपूर्वक उतरवून आणलेल्या नव्या नकलेवरून भाऊ दाजींनी लेख पुन्हा वाचला आणि १८७१ साली मुंबईच्या सभेत सांगितले, की राजाचे नाव चंद्र आहे. हा निबंध १८७५ साली छापून आला. पुढे फ्लीट यांनी गुप्तांच्या लेखांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांनीही चंद्र हेच नाव कायम ठेवले. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

एका शब्दाचा फरक तो काय! पण त्या एका शब्दाने लोहस्तंभाला त्याचा धनी परत मिळाला. नाहीतर आजही आपण पाहुण्यांना धव राजाचा खांब दाखवत बसलो असतो.

चुका आणि त्यांची दुरुस्ती

भाऊ दाजींचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त आणि त्याचा काळ सहावे शतक, असे मत त्यांनी १८६० च्या सुमारास मांडले. त्यावर युरोपात बराच खल झाला, मॅक्स म्युलर यांनीही त्याची सविस्तर दखल घेतली, पण आज ते कोणी मानत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख त्यांनी १८६३ साली प्रसिद्ध केले, सोळाव्या लेण्यातल्या लेखात वाकाटकांचे नाव वाचले, पण त्या वंशाविषयीचे त्यांचे काही तर्क पुढे मागे पडले. आपल्या नागपूरच्या म. म. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचा इतिहास नीट लावला तो विसाव्या शतकात.

अंबरनाथच्या शिवमंदिराचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. तिथल्या लेखातला शक भाऊ दाजींनी ७८२ असा वाचला. पुढे भगवानलालांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे, हे दाखवले. शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. ज्याच्या हाताखाली शिकलो त्याचीच चूक पुराव्यानिशी दुरुस्त करणे, यात मला अनादर दिसत नाही. तीच खरी गुरुदक्षिणा.

अखेरचा काळ

१८६५ साली मुंबईच्या शेअरबाजाराचा फुगा फुटला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच सारे कोसळले. भाऊ दाजींचेही त्यात फार नुकसान झाले. तरीही पोथ्या जमवणे आणि भगवानलालांचे दौरे त्यांनी थांबवले नाहीत, हे विसरता कामा नये. मात्र व्याप इतके, की हाती आलेले पुष्कळ साहित्य छापायचे राहून गेले. पुढे प्रकृती ढासळली आणि ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी ते गेले.

त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ साली ग्रंथरूपाने निघाले ते मुंबईत नव्हे, तर कलकत्त्यात. रामचंद्र घोष या बंगाली गृहस्थांनी ते संपादित केले. गोव्यात जन्मलेला, मुंबईत वाढलेला मराठी विद्वान, त्याचा गुजराती सहकारी, दिल्लीचा स्तंभ, मलबारच्या पोथ्या आणि बंगाली संपादक! महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे विशेष अप्रूप वाटावे. मराठीत अ. का. प्रियोळकरांनी १९७१ साली त्यांचे साक्षेपी चरित्र लिहिले. ज्यांना अधिक वाचायचे असेल, त्यांनी ते जरूर मिळवावे.

भगवानलाल गुरूच्या मागे चौदा वर्षे जगले. स्वतःच्या नावाने लिहू लागले. १८८२ साली त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकलला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८८८ साली तेही गेले.

हे सगळे लिहिण्यामागे माझा एक हेतू आहे. आपल्यापैकी अनेकांची घराणी ग्वाल्हेर, झाशी, इंदूर, बडोदा, तंजावर अशा ठिकाणांहून आलेली आहेत. कित्येक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतली पत्रे, जुन्या सनदा, आजोबांच्या वह्या पडून आहेत. घर बदलताना त्या रद्दीवाल्याला जातात. भाऊ दाजींच्या काळी अर्ध्या आण्याच्या तिकिटावर एक नक्कल प्रवासाला निघे आणि दूर कुठेतरी बसलेल्या माणसाच्या हातात पडून इतिहास होई. आज मोबाईलवर फोटो काढून जाणकाराला पाठवायला तेवढाही खर्च नाही. गणपतीच्या निमित्ताने घराची साफसफाई करताना ती ट्रंक एकदा उघडून पाहावी आणि वाचता येत नसलेला कागद टाकून देण्याआधी वाचता येणाऱ्या कोणाला तरी दाखवावा, एवढीच माझी सर्व मंडळींना विनंती आहे.